कपारीतलं माकडशिंग

माझं माहेर निंबर्ग्याचं. तिकडची जमीन काळीभोर, अशी की तूर म्हणा, ज्वारी म्हणा, करडई म्हणा, जे टाकाल ते वर येतं. पण चुलीला तीन दगड शोधायचे म्हटलं तर दोन शेतं पालथी घालावी लागायची. आणि मला दिली कुठं, तर बिदरच्या कडेला मैलूरला. तिथं मागच्या दारातून पाऊल टाकलं की ते दगडावरच पडायचं. पोलीस ॲक्शनच्या आधी दहाएक वर्षांची ही गोष्ट. माझं वय तेव्हा चौदा असेल, पंधरा असेल. आमच्यात कुणी असलं लिहून ठेवत नव्हतं. मला स्वतःला अक्षरं आली ती खूप पुढं, घरातल्या पोरींच्या पाट्या बघून बघून. तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी मनावर घेऊ नये. मी बोलते तशीच लिहिते.

त्या दगडाचं आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तांबडा, जांभ्याचा दगड. नुसता भोकाभोकांचा, जशी काही मुंग्यांनी पोखरलेली भिंत. पहिल्या दिवशी मी तो पाहिला आणि सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, तुमच्याकडचा दगड कुजलाय. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "कुजला न्हाई ग पोरी, तहानलेला हाय त्यो." आणि खरंच होतं ते. चार महिने पाऊस पडला की तो दगड पाणी पिऊन ठेवतो आणि मग वर्षभर थोडं थोडं सोडतो. ऐन उन्हाळ्यात, वर पाय पोळत असताना, कपारीत हात घातला की आत गार लागायचं. म्हणून तर त्या कपारींमध्ये इतकं काय काय उगवायचं. पिवळ्या फुलांचं एक नाजूक झाड होतं, त्याला माती म्हणून लागायचीच नाही, दगडाच्या फटीत नाहीतर विहिरीच्या बांधकामात दिसायचं. एक नेचा होता, उन्हाळ्यात मुठीसारखा मिटून काळा पडायचा. मेला म्हणून उचलून फेकावा, तर पहिल्या सरीनंतर दुपारपर्यंत हिरवागार उघडलेला. चिगळ होती, तिची फुलं ऊन वर आलं की उघडायची आणि ढग आला की मिटायची. मला यातलं एकही ओळखता यायचं नाही. माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणायचे, तिनं माझं नावच पाडलं होतं, काळ्या मातीची. पाणी आणायला निघाले की म्हणायची, बघ बरं, काळ्या मातीची, दगडाला ठेचकाळशील. तिच्या चिडवण्यात विष नव्हतं. पण मला आपलं वाटायचं की एकदा हिला दाखवून द्यावं.

आता माकडशिंगाचं. कानडीत त्याला मंगनकोडू म्हणतात, अर्थ तोच, माकडाचं शिंग. पान नाही या झाडाला. म्हणजे असतं, पण कोवळ्या शेंड्यावर मोहरीएवढं येतं आणि दोन दिवसांत गळून जातं. पानाचं सगळं काम ती हिरवी कांडीच करते. कांडी चार धारांची, बुडाशी अंगठ्याएवढी जाड आणि वर निमुळती होत गेलेली. पान असतं तर उन्हानं सगळं पाणी ओढून नेलं असतं. पान नाही म्हणून पाणी कांडीत शिल्लक राहतं. उन्हाळ्यात ती सुरकुतून म्हातारीच्या बोटांसारखी होते, आता माझी झालीत तशी, आणि पाऊस झाला की परत टम्म. मुळं खोल जात नाहीत. वाऱ्यानं कपारीत जी चिमूटभर माती आणून टाकलेली असते तेवढ्यातच आडवी पसरतात. आणि खायला चांगलं. थोडं कडसर, थोडं आंबट, पण पावसाळ्यात कोवळं असताना तुरीच्या डाळीत, चिंच घालून केलं तर भाकरी कमी पडायची.

पण एक मेख होती. निवडुंगाला आमच्याकडं कळ्ळी म्हणायचे. मोठी कळ्ळी आंधळ्यालाही कळेल, माणसाच्या उंचीची, तीन धारांची, धारेवर काट्यांच्या जोड्या. पण कपारीत, सावलीत उगवलेलं तिचं पिल्लू फसवं असतं. त्याला कधी कधी चार धारा असतात, काटे अजून मऊ, बोटाला जाणवत नाहीत. आणि दोघं राहतात एकाच जागी. उघड्यावरचं माकडशिंग शेळ्या ठेवत नाहीत. जे वाचतं ते कळ्ळीच्या बुडाशी, तिच्या काट्यांच्या आडोशाला वाचतं. म्हणजे चांगलं माकडशिंग हवं तर कळ्ळीच्याच दारात हात घालायचा.

फरक एकच, आणि तो पक्का. कळ्ळी मोडली की पांढरंशुभ्र दूध येतं. ते डोळ्यात गेलं तर डोळ्याचं काही खरं नाही, आणि पोटात गेलं तर आतडी सोलून निघतात. माकडशिंग मोडलं तर नुसतं पाणी. आमच्या घरात दोन्ही भाषा चालायच्या. रागवायचं कानडीत, लाड करायचे मराठीत. हा नियम मात्र आत्याबाईंनी मला कानडीत शिकवला होता. एकेक कांडी मोडायची, मोडल्या जागी बघायचं आणि विचारायचं, "नीरो, हालो?" पाणी की दूध? पाणी असेल तर टोपलीत, दूध असेल तर तिथंच टाकून हात मातीला पुसायचे. घरी आणल्यावर भाजीसाठी मोडताना परत तेच, आणि मग तुकडे ताकात टाकायचे म्हणजे कडूपणा जातो.

त्या भाद्रपदात अक्काला पाचवा महिना सरत आला होता. त्याआधी तिची दोन गेली होती. एक तिसऱ्यात गेलं, एक पुरे दिवस भरून जन्मून गेलं. घरात याबद्दल कुणी बोलायचं नाही, पण अक्का घागर उचलायला वाकली की आत्याबाई जिथं असतील तिथून धावत यायच्या. अक्काला अन्न टिकत नव्हतं. आणि एक दिवस सकाळी ती म्हणाली, मंगनकोडूची भाजी मिळाली तर दोन घास जातील. आत्याबाई शेतावर भाकरी घेऊन निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, मी आल्यावर आणते. त्या वाटेला लागल्या आणि मी टोपली उचलली. अक्का म्हणाली, तुला ओळखू येतं का ग काळ्या मातीचे? मी म्हटलं, व्हय, येतं.

आणि येत होतं मला, खोटं नाही. दोनदा आत्याबाईंबरोबर गेले होते. घरामागच्या चढावर एक मोठी कपार होती, आडवी, हातभर खोल, तिच्या तोंडाशी कळ्ळीचं जुनं झाड. फुलं यायला अजून पंधरा दिवस होते, सगळ्या कांड्या नुसत्या हिरव्या. मी पालथी पडून आत हात घालत होते आणि हाताला लागेल ती कांडी मोडून बाहेर काढत होते. पहिल्या सात-आठ वेळा नीरो हालो केलं. सगळीकडं पाणीच. मग मला अक्काची भूक आठवली, आत्याबाई यायच्या आत भाजी झाली पाहिजे हे आठवलं, आणि माझं तोंड गप्प झालं. हात चालूच राहिला.

घरी येऊन तर आणखी शहाणपणा केला. एकेक कांडी मोडून बघायची आणि मग ताकात टाकायची, यात वेळ जातो. मी सगळ्या कांड्या ताकाच्या भांड्यातच बुडवल्या आणि आतल्या आत मोडल्या. पांढऱ्या ताकात दूध आलं काय आणि पाणी आलं काय, दिसणार कसं? तेव्हा मात्र डोक्यात हे आलंच नाही. उलट वाटलं, किती भरभर होतंय.

भाजीची चव मी बघितली असती तर तिथंच काय ते कळलं असतं. पण आमच्यात गळ्यात लिंग. लिंगपूजा झाल्याशिवाय कण तोंडात घालायचा नाही, आणि रांधताना चव बघणं तर आत्याबाईंच्या लेखी लिंगाला उष्टं वाढणंच. मीठसुद्धा हाताच्या अंदाजानं पडायचं. माझी पूजा सगळ्यांना वाढून झाल्यावर. अक्कानं तिची पूजा केली, ताटावर बसली, आणि मूठभरच झालेली ती भाजी तिनं भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून खाल्ली. आज जीभ चुरचुरायली ग, म्हणाली, मिरची जास्त टाकलीस काय. पण किती दिवसांनी पोटभर जेवले.

मी खूश. ताट उचललं, भांडी घासायला परसात बसले. ताक लिंबाच्या बुडाला ओतून टाकलेलं. राख घेऊन घासायला लागले तर बांगडीवर काही दिसलं. हिरव्या बांगडीवर एक पांढरा थेंब, वाळलेला. वाटलं, ताक असेल. पाणी लावलं, जाईना. नखानं खरवडलं तर तो सुटला नाही, ताणला गेला. रबरासारखा लांब झाला आणि तुटला. ताक असं ताणलं जात नाही. अशी ताणली जाते ती फक्त एकच वस्तू.

टोपलीत कळ्ळी आली होती. एक आली असेल, नाहीतर चार. जीभ चुरचुरायली, ती मिरचीनं नव्हे. तेवढ्यात आतून आवाज आला आणि मी धावले. अक्का मोरीपाशी वाकून ओकत होती. ती रोजच ओकायची. त्या दिवशी मला ते रोजचं वाटलं नाही. मी तिची पाठ धरून उभी राहिले आणि मनात एकच चाललं होतं, तिसरंही गेलं, आणि माझ्या हातानं गेलं. अक्का तोंड धुऊन म्हणाली, तू कामून रडायलीस, ओकले मी. मी म्हटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात. चूल तर केव्हाची विझली होती.

आत्याबाई आल्या तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. ठरवलं होतं काही बोलायचं नाही, माहेरी निघून जायचं. इतक्या लांब कुठल्या वाटेनं जाणार होते कोण जाणे. पण त्यांनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. बांगडी पुढं केली. अजून बारीकसं चिकटून होतं ते त्यांनी बोटानं चोळून बघितलं.

मला वाटलं आता कानडी सुरू होणार. नाही झाली. त्या आत गेल्या, अक्काला म्हणाल्या जीभ दाखव, ओठ दाखव. उलटवून बघितलं, दाबून बघितलं. फोड नाहीत, सूज नाही. तिला वाटीभर दूध तूप घालून प्यायला लावलं आणि निजायला सांगितलं. अक्का विचारायली काय झालं, तर त्या म्हणाल्या काही न्हाई, उन्हाचं पित्त हाय. मग बाहेर येऊन माझा दंड धरला. म्हणाल्या, "तिच्या कानावर एक शबुद जायला नको. जे झालं ते झालं, पण भीती तिच्या पोटात जायला नको. चल, दाव मला कुठली कपार."

भर दुपारची वेळ. आत्याबाई पुढं, मी मागं. वाटभर त्यांचे ओठ हलत होते. कपारीपाशी आल्यावर मला म्हणाल्या, जिथून जिथून मोडलंस तिथं बोट ठेव. मी पालथी पडले. त्या पण पडल्या, त्या वयात, दगडावर. आणि एकेक खुंट बघायला लागल्या.

तेव्हा मला कळलं की झाड मोडलं तरी आपलं सांगणं मागं ठेवून जातं. माकडशिंगाच्या खुंटावर मोडल्या जागी पाणी सुकून पातळ, चकचकीत पापुद्रा धरला होता, कुठंही पांढरं नाही. धारा चार, आणि धारेवर काट्याचं नाव नाही, जिथं पानं गळली तिथं नुसत्या बारीक खुणा. आत्याबाई त्यावरून अंगठा फिरवत होत्या आणि हळू आवाजात म्हणत होत्या, नीरू. पुढं सरकायचं. नीरू. पुढं सरकायचं. नीरू.

मग कपारीच्या टोकाला, अगदी आत, त्यांचा अंगठा थांबला. तिथं कळ्ळीचं पिल्लू होतं, वीतभर. त्याचा शेंडा मोडलेला. मोडल्या जागेवरून दूध खाली ओघळून दगडावर वाळलं होतं, भिंतीवर चुना सांडावा तसं.

दगडाखालचा गारवा गालाला लागत होता तेवढंच कळत होतं. हे एक पिल्लू, याचा एक शेंडा. तो माझ्या टोपलीत गेला, टोपलीतून ताकात, ताकातून अक्काच्या पोटात. मी डोळे मिटले.

आत्याबाईंनी मात्र हात आणखी आत घातला. खांद्यापर्यंत घातला. आत वाळका पाला होता, त्यात त्या चाचपत होत्या. मला वाटलं, साप असेल. मग त्यांनी हात बाहेर काढला. बोटात बोटभर लांबीचा हिरवा शेंडा होता, थोडा मलूल झालेला, एका टोकाला पांढरं दूध वाळून घट्ट बसलेलं.

त्यांनी तो शेंडा त्या खुंटावर ठेवला. फुटलेलं खापर जुळवून बघतात तसा, थोडा फिरवून. एक धार थोडी तिरकी तुटली होती, तिच्यापुढं खुंटाचीही धार तशीच तिरकी. शेंडा बसला. फट म्हणून राहिली नाही.

"ह्याचं हितंच हाय," आत्याबाई म्हणाल्या. "बघ. ह्याचं हितंच पडलंय. तुझ्या टोपलीत न्हाई गेलं."

म्हणजे झालं होतं असं. आत हात घालताना माझ्या मनगटाचा धक्का त्या पिल्लाला लागला होता. शेंडा तुटून पाल्यात पडला आणि दुधाचा थेंब बांगडीवर उडाला. कांडी मी काढली ती शेजारची, माकडशिंगाची. मी काही शहाणी म्हणून वाचले नाही. माझी बांगडी मध्ये आली आणि शेंडा घरंगळला, एवढंच.

आत्याबाईंनी तरी परत सगळी कपार एकदा बघितली. दुसरा पांढरा डाग कुठं नव्हता. मग त्या उठून बसल्या, पदरानं तोंड पुसलं, आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना बघून माझंही सुरू झालं. दोघी त्या तापल्या दगडावर बसून कितीतरी वेळ तशाच. मग त्यांनी माकडशिंगाची एक कांडी मोडली आणि माझ्या नाकासमोर धरली. मी बघितलं. मोडल्या जागी पाण्याचा स्वच्छ थेंब आला, त्यात ऊन चमकलं. मी म्हटलं, नीरू. त्या म्हणाल्या, आता भूक लागली असंल, चल, तुझी पूजा व्हायची हाय. कानडी मला त्या दिवशी ऐकावीच लागली नाही. इतकी वर्षं झाली, त्या दिवशी रागवल्या नाहीत याचंच मला जास्त वाटतं.

घरी आलो तर अक्का उठून बसली होती आणि विचारत होती, भाकरी उरलीय का.

पंधरा दिवसांनी मी परत त्या कपारीपाशी गेले, भाजीसाठी नाही, नुसतीच. फुलं आली होती. आयुष्यात मी असं फूल पाहिलं नव्हतं. शेंड्याकडं, खाली मान घालून, चिंचोक्याएवढं, पाच पाकळ्यांची चांदणी. रंग पिकल्या जांभळासारखा, आत पिवळसर पट्टे, आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक केस. वारा नसतानाही ते केस थरथरत होते. नाक जवळ नेलं तर वास चांगला नव्हता, शिळ्या कालवणाचा असावा तसा. माश्या मात्र भोवती घोंगावत होत्या. फुलाचं काम माश्यांशीच होतं, माझ्याशी नव्हतं. पुढं दिवाळी सरल्यावर शेंगा आल्या, दोन-दोनच्या जोडीनं, उभ्या, बारीक शिंगांसारख्या. नावाचा उलगडा तेव्हा झाला. शेंग तडकली की आतून रेशमी शेंडीचं बी निघायचं, रुईच्या बोंडातून निघतं तसंच, आणि तरंगत जाऊन दुसऱ्या कपारीत अडकायचं. मला तेव्हाच वाटलं होतं, हे रुईच्या गोतातलं असणार, जरी रुईला दूध आणि याला पाणी. पुष्कळ वर्षांनी शास्त्र शिकलेली नातसून घरात आली. तिला विचारलं तर म्हणाली, आजी, बरोबर आहे तुमचं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

माघात अक्काला मुलगी झाली. रडली ती अशी की गल्लीत ऐकू गेलं. पाळण्याच्या दिवशी, बायका निघून गेल्यावर, आत्याबाईंनी अक्काला सगळं सांगितलं. मी पाळण्याच्या दोरीला धरून उभी, आता काय म्हणते म्हणून. अक्कानं ऐकून घेतलं. पोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला या पाळण्याला हात लावू देणार नाही.

"म्हंजे माझी भाजी खरंच तिखट झाल्ती," ती म्हणाली.

आणि पोर उचलून माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मी काळ्या मातीची राहिले नाही. पण सुटकाही झाली नाही. मी तिला पाण्याचा तांब्या द्यावा, ताक द्यावं, पुढं घरात चहा आला तेव्हा चहाची कपबशी द्यावी, अक्का आत डोकावून बघायची आणि विचारायची, नीरो, हालो? पाहुण्यांना कळायचं नाही आम्ही दोघी कामून हसायलो.

त्या कळ्ळीच्या पिल्लाला मी विसरले नाही. शेंडा तुटल्यावर त्यानं वर वाढायचं सोडलं आणि तुटल्या जागेच्या खालून दोन फांद्या काढल्या, एक इकडं, एक तिकडं. अक्काची मुलगी माझ्याबरोबर टोपली घेऊन यायला लागली तोवर ते कपारीबाहेर डोकावून तिच्या खांद्याला लागलं होतं. मी तिला तिथंच पालथी पाडायचे आणि म्हणायचे, हात हळू घाल, बांगड्या मागं सार, आणि प्रत्येक वेळी तोंडानं विचार. ती विचारायची. मी बाहेर उभी राहून ऐकायचे, आणि आतून पोरीचा आवाज यायचा, नीरू, काकी. हे पण नीरू.